सईचं लायसन्स आणि आमचे साडू

नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नियमांवर आमच्या साडूंइतकं जीव ओवाळून टाकणारा माणूस अख्ख्या ओंटारियोत दुसरा नसेल. ओकव्हिलच्या निर्मनुष्य रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइन आली की ते गाडी थांबवून मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणतात आणि मागच्याने हॉर्न दिला तर पुन्हा एकपासून सुरुवात करतात. 'मध्ये व्यत्यय आला की मोजणी बाद,' असं त्यांचं म्हणणं. एकदा ग्रोसरीच्या दुकानाबाहेर कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिलेले दिसले, तर मालकाला सांगायला म्हणून हे पाऊण तास थंडीत त्या गाडीला खेटून उभे राहिले. मालक आला तो यांना चोर समजून ओरडायला लागला. साडूंनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा मागचा टायरही झिजलाय."

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, सई, सोळा वर्षांची होऊन जी-वनच्या लेखी परीक्षेला बसली, तेव्हा घरात सणच होता. सरकारी ड्रायव्हिंगचं पुस्तक साडू रोज रात्रीच्या जेवणानंतर पोथीसारखं वाचून दाखवत. सई पास झाली. जी-वन म्हणजे शिकाऊ लायसन्स. शेजारी चार वर्षांचा अनुभव असलेला ड्रायव्हर बसलेला हवा, मध्यरात्रीनंतर गाडी चालवायची नाही आणि मोठ्या हायवेवर जायचं नाही. हा शेवटचा नियम साडूंना फार आवडे. ते पाहुण्यांनाही तो सांगत. वर्षभर ते सईच्या शेजारी बसून 'मिरर, सिग्नल, ब्लाइंड स्पॉट' असा अखंड जप करत होते. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हाला म्हणाल्या, "अरे, हल्ली हे झोपेत कूस बदलायच्या आधीसुद्धा खांद्यावरून मागे बघतात!"

सतराव्या वर्षी सई रस्त्यावरची पहिली परीक्षा पास होऊन जी-टू झाली. आता तिला एकटीने गाडी चालवता येणार होती, हायवेवरसुद्धा. पेढे वाटताना साडूंचा चेहरा मात्र पेढा कडू लागल्यासारखा होता.

"बाबा, हायवेची प्रॅक्टिस कधी?"

"हायवेवर आहे काय? पुढे ट्रक, मागे ट्रक. आतल्या रस्त्याने घोडे दिसतात."

"आय डोन्ट नीड घोडे, बाबा!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा वर्षांत मी साडूंना हायवेवर गाडी चालवताना पाहिलंच नव्हतं. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं नायगाऱ्याला निघालो होतो. आमचा धबधबा पाहून झाला, जेवण झालं, फोटो झाले, आणि मग यांचा फोन आला, "आतल्या रस्त्याने येतोय, पोहोचतोच आहोत." आम्ही समजत होतो, माणूस रसिक आहे.

पुढचं वर्ष साडूंनी बर्फ, धुकं, ताईंचा वाढदिवस आणि स्वतःची कंबर यांच्या आधाराने काढलं. शेवटी पूर्ण लायसन्सची, म्हणजे 'जी'ची परीक्षा आठवड्यावर आली. त्या परीक्षेआधी एक कागद भरावा लागतो. गेल्या तीन महिन्यांत हायवेवर किती वेळा गाडी चालवली, ते त्यात लिहून सही करायची. सईने तो प्रश्न त्यांना वाचून दाखवला आणि सरळ विचारलं, "बाबा, खोटं लिहू?"

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. साडूंचा चेहरा असा झाला, की मी बशी खाली ठेवली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घेऊन जा तिला."

"नो," सई म्हणाली. "काका मागे बसतील. शेजारी तुम्ही."

त्या आठवड्यात आम्ही रोज हायवेवर गेलो. पहिल्या दिवशी रॅम्पवरून गाडी वेग घ्यायला लागली, तेव्हा साडूंनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पेट्रोल, पुढच्या एक्झिटला. कॉफी, पुढच्या एक्झिटला. हॉस्पिटल..." इथे आवाज चिरकला. सई समोर बघत गाडी एकसारखी चालवत राहिली. "बाबा, ब्रीद," ती म्हणाली, "यू आर नॉट ब्रीदिंग." कागदावर तिने खरा आकडा लिहिला आणि ती पास झाली.

सप्टेंबरात ती शिकायला ग्वेल्फला गेली. तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, साडू कोथिंबीरवड्यांचा डबा घेऊन माझ्या दारात उभे. "ग्वेल्फला जातोय. शेजारी बस. बोलू नकोस."

मला वाटलं, घोड्यांच्या रस्त्याने जाऊ. त्यांनी गाडी हायवेवर घातली. उजव्या लेनमध्ये, नव्वदच्या वेगाने, हाताची बोटं पांढरी पडेपर्यंत स्टिअरिंग आवळून. मिल्टन गाव मागे पडल्यावर तेच बोलले.

"सई चार महिन्यांची होती. माझं लायसन्स नवीन. इथेच बर्फावरून गाडी घसरली आणि दोनदा गोल फिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागे वळून पाहिलं तर ही गाढ झोपलेली. उठवणार होतो, मग नाही उठवलं."

"ताईंना माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

एक लांबलचक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. गाडी हलली. साडूंनी ती सावरली.

"तिला सांगू नकोस हं," ते म्हणाले. "तिला हायवे आवडतो."