कूलरच्या तळाचं पाणी

घाटंजीतल्या आमच्या घराच्या दारापासून न्हाणीपर्यंत एकोणीस पावलं होती. माझी नव्हेत, बायकोची. तिच्या मागे चालून मी तीनदा मोजली होती. साखरेच्या आजारानं तिच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेली नजर वर्षभर टिकली तर पुष्कळ. चेहरे तिला ओळखू येत नव्हते, अक्षरं लागत नव्हती. भडक रंग तेवढे दिसत.

"पायऱ्यांपाशी लाल फुलं लावा," ती म्हणाली. "वळणावर पिवळी, न्हाणीपाशी केशरी. मग मले तुमचा हात नाई लागत."

अंगणात एकटीनं जाता यावं, एवढंच तिला हवं होतं. संक्रांत झाल्यावर मी एकवीस कुंड्या भरल्या. पायऱ्यांपाशी सात लाल झिनिया, वळणावर सात झेंडू, न्हाणीपाशी सात कर्दळी. मार्च संपता संपता सगळं फुललं. ती लाल रंगाच्या कडेनं उतरे, पिवळा आला की वळे, केशरीपाशी थांबून दाराची कडी चाचपे.

"साऱ्या घाटंजीत सिग्नल नाई," ती शेजारणीला सांगे, "माह्या अंगणात तीन हायेत."

एप्रिलमध्ये पाण्याचा प्रश्न आला. नळ पाचव्या दिवशी, तोही अर्धा तास. ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअरचं, आणि बोअरही आता तुटक चालत होती. मी गोदामात वजनकाट्यावर काम करतो, त्यामुळे वाया काय जातं याकडे लक्ष असतं. कूलरच्या टाकीत साठ लिटर बोअरचं पाणी भरलं की सकाळी तळाला पंधरा लिटर उरे. सातशे मिलीच्या मगानं एकवीस कुंड्यांना चौदा लिटर सातशे लागत. हिशेब इतका चोख बसला की मी दोन दिवस खुशीत होतो. उरलेले तीनशे मिली तुळशीला घालायला गेलो, तर तिनं अडवलं.

"कूलरचं उरलेलं पाणी तुळशीले घालता काय? तिले मी नळाचं घालतो, तांब्याभर."

दोन आठवड्यांत झिनियाच्या पानांच्या कडा करपल्या. मी दोष उन्हाला दिला. हिरवी जाळी आणून बांधली. झेंडूच्या कळ्या न उमलताच वाळल्या. रोजचा मग मी एकही दिवस चुकवला नाही.

तिनं एकदा कुंडीत बोटं फिरवली. "वरतं मिठासारखं खरखरीत काय आलं हे?"

"ऊन हाय. माती सुकून राह्यली."

"मंग तुळस कशी नाई सुकली?"

"तुळस देवाची," मी म्हणालो. एरवी मी असं बोलत नाही. त्या दिवशी दुसरं उत्तर शोधायची मला गरज वाटली नाही.

मेच्या मध्याला वळणावर पिवळं काहीच उरलं नव्हतं. सगळं अंगण मातीच्याच रंगाचं झालं होतं. मी तिला म्हणालो, मी घरी नसताना बाहेर जाऊ नको. ती म्हणाली, "न्हाणीले काय तुमची वाट पाहू?"

एके दुपारी दीडला जेवायला घरी आलो. ती न्हाणीच्या उलट बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. एका पायात चप्पल. दुसरा पाय पहिल्यावर ठेवायचा प्रयत्न करत होती. खाली तापलेली फरशी होती. तिला वळण सापडलं नव्हतं, आणि मग घर कुठल्या बाजूला तेही कळेना. तिनं हाका मारल्या होत्या. पण त्या वेळी गल्लीतल्या प्रत्येक घरात खिडक्या बंद आणि कूलर चालू असतात.

"कितीक वेळ झाला?" मी विचारलं.

"तुम्ही असते तर मोजला असता."

एका तळव्याला चार फोड आले होते. साखरेच्या माणसाचा फोड म्हणजे काय, ते मला पुढं कळलं.

आठ दिवसांनी कूलर बंद पडला. मिस्त्रीनं जाळी उघडली, तर आतलं गवत पांढरं कडक झालेलं.

"काकाजी, बोअरचं पाणी टाकता ना? पाणी उडून जाते, खार तळाले राह्यते. तळचं पाणी फेकत जा. पाहा, पत्रा खाल्ला त्यानं."

साठ लिटरमधला सगळा खार पंधरा लिटरात, म्हणजे चौपट. हे गणित चौथीच्या पोराला जमलं असतं. मी पाणी मिलीत मोजलं, आणि त्यात काय आहे ते पाहिलं नाही. एकवीसपैकी सतरा झाडं गेली होती. तुळस तशीच हिरवी होती, पाच पावलांवर.

मी तिला सगळं सांगितलं.

"मी तुळशीचं इचारलं होतं," ती म्हणाली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

पावसाळ्यात मी माती बदलून पुन्हा झिनिया पेरल्या. तिचा पाय भरायला पोळा उजाडला. तोवर डोळ्यांतलं उरलंसुरलं गेलं होतं. पहिल्यांदा ती दाराशी आली तेव्हा पायऱ्यांपाशी लाल फुलं होती.

"फुलले का?"

"बेचाळीस."

"लाल?"

"लाल."

तिनं हात पुढं केला. मी धरला. आता दारापासून न्हाणीपर्यंत तिची सव्वीस पावलं होतात.