तात्यांची तीन मिनिटं

हसायचं असेल तर हसा, पण माझा मूर्खपणा शेवटपर्यंत ऐकून मगच हसा.

सुप्यापासून आत गेलं की आमचं गाव. मी तिथल्या ग्रामपंचायतीची सदस्य. निवडून आले ते एकाच शब्दावर, वरच्या वस्तीला नळ आणीन म्हणून. आम्ही वस्तीवरच्या बायका रोज खाली येऊन हंडे भरतो आणि चढ चढून घरी नेतो. ग्रामसभेत ठराव मंजूर झाला की काम सुरू, एवढंच राहिलं होतं.

पण ग्रामसभेत तात्या होते. वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र खणखणीत. पाण्याचा विषय निघाला की ते उभे राहायचे आणि गावात वीज आली तिथून सुरुवात करायचे. मग पाण्याच्या कामाला कोणता इंजिनियर आला, त्याला जेवायला कोणी घातलं, त्याची मोटारसायकल कोणत्या रंगाची होती. तासाभराने माणसं उठायला लागायची. कोणाला धारा काढायच्या, कोणाची कंपनीत पाळी. कोरम मोडायचा आणि आमचा नळ पुढच्या सभेवर जायचा. असं तीनदा झालं.

नवी लाइन तात्यांच्या बांधाजवळून जाणार होती. मग मला काय वाटणार? म्हातारा मुद्दाम अडवतोय. बरं, मनात ठेवायचं ना? मी वस्तीवर सगळ्या बायकांना सांगितलं, त्यांनी नवऱ्यांना. आठवडाभरात चहाच्या टपरीवर तात्यांच्या शेजारी कोणी बसेना.

मग मी नियमच आणला. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं आणि खाली बसायचं. मतदान झालं, तर सगळ्यात आधी हात तात्यांचा वर. तेव्हा तरी मी थांबून विचार करायचा की नाही? मला वाटलं, घाबरले.

पुढच्या सभेत मी मोबाईल हातात धरूनच बसले. तात्या उठले, विजेपासून निघाले, मोटारसायकलपर्यंत पोचले आणि मी म्हणाले, “तात्या, वेळ झाली.”

ते निमूट बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ठराव पाव तासात मंजूर झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी, लाज वाटते सांगायला, उभी राहून हात जोडले.

जेसीबी आला. तात्यांच्या बांधाजवळ त्याने पहिला घाव घातला आणि जमिनीतून पाणी पुरुषभर उंच उसळलं. गावाची जुनी मोठी लाइन तिथून जात होती. तिचा नकाशा पंचायतीत नव्हता. ती पुरताना त्या इंजिनियरच्या हाताखाली चारी खणायला तात्या होते. आठ दिवस अख्खं गाव हंडे घेऊन विहिरीवर उभं होतं, आणि सगळ्यात पुढे मी.

शेवटी तात्यांच्या घरी गेले, माझं चुकलं म्हणाले. त्यांनी आधी चहा पाजला. मग काठी घेतली, मला शेतात नेलं आणि बांधापासून रस्त्यापर्यंत मातीत रेघ ओढत गेले. कुठे वळते, कुठे खोल जाते, सगळं कळलं.

“तात्या, सभेत हेच आधी का नाही सांगितलं?”

“मला थोडक्यात बोलाय येत न्हाई, पोरी. तितंच येत हुतो. चला, दावा, असं एकानं म्हनलं असतं, तर पयल्याच दिवशी दावलं असतं.”

नळ आला. आता मी वस्तीवर घरोघर जाऊन सांगते की तात्या अडवत नव्हते, मीच वाईट बोलले. अजून निम्मी घरं राहिली आहेत. काल एकीच्या दारात बसून पहिल्यापासून सांगायला लागले, तर ती पीठ मळता मळता म्हणाली, “ताई, मुद्द्याचं बोला की. तुमी लई लांबण लावता.”