बेंबळीकरची पंगत

बेंबळीकरसमोर जेवायला बसलेल्या माणसानं 'पुरे' म्हणून काही उपयोग नसे. तो ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि वाढायचा. इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावात आम्ही दोघं सरकारी शिष्यवृत्तीवर कापडाचं शिक्षण घेत होतो. एका म्हातारीच्या घरी वरच्या मजल्यावर आमच्या शेजारी शेजारी खोल्या होत्या. रविवारी तो स्टोव्हवर बटाट्याची भाजी करी. मी ताटावर हात आडवे धरले, तर सरळ बोटांवर वाढी. "हात काय, धुता येतोय," म्हणायचा. "पोट उपाशी ऱ्हायलं तर कशानं धुशील?"

मी धाराशिवचा, कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा, म्हणून तो मला 'वकील' म्हणे. तो बेंबळीचा, शेतकऱ्याच्या घरचा एकुलता एक. वडील लहानपणीच गेलेले, शेती आईनं सांभाळलेली. रझाकारांच्या धामधुमीत शाळा बुडाल्यामुळं माझ्याच वर्गात असूनही तो चार वर्षांनी मोठा होता. पहिले आठ दिवस मी त्याला अहोजाहो केलं. नवव्या दिवशी तो म्हणाला, "मला तुमी म्हनायला म्या काय तलाठी हाय व्हय रं?" त्यानंतर आमचं अरेतुरे सुरू झालं ते कायमचं.

त्याची दुसरी खोड म्हणजे दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला "या बरं का!" म्हणणं. पोस्टमनला म्हणे, कोळसा टाकायला येणाऱ्याला म्हणे, घरमालकिणीच्या बहिणीलाही म्हणे. तेही अस्सल मराठीत. त्या बिचाऱ्यांना काय कळणार? पण ती माणसं वळून हसायची आणि हात वर करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी रागावून बोललो, तर म्हणाला, "मानूस आपल्या दारातनं जाताना नुसतं दार लावून घ्यायचं व्हय?"

त्याच्या ट्रंकेत तळाशी येसराची एक पिशवी होती. आमच्याकडं लग्नाकार्यात येसराची आमटी असते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं असं सगळं भाजून, दळून घरोघरी येसर करून ठेवतात. ही पिशवी त्याच्या आईनं निघताना दिलेली. "तितल्या लोकांचं नुसतं खाऊन येऊ नगं, त्यास्नी एकदा जेवू घाल," असं तिनं बजावलं होतं. तिथलं बेचव उकडलेलं अन्न खाऊन मी जेरीला यायचो आणि चमचाभर तरी येसर दे म्हणून त्याच्या मागं लागायचो. तो बधायचा नाही. "पंगतीचं हाय ते," एवढंच म्हणायचा. त्या चिकटपणावरून मी त्याला पुष्कळ टोचून बोललो आहे.

दुसऱ्या वर्षी थंडी ओसरू लागली आणि एक दिवस त्यानं अचानक जाहीर केलं, "येत्या शनवारी पंगत." त्या सुमाराला त्यानं मिशी काढली होती आणि डोक्याला दिवसभर लोकरीची टोपी असे. मी विचारलं तर म्हणाला, "हितल्या पोरींना मिशी आवडत न्हाय." मी तो विनोद वर्गभर केला.

शनिवारी सकाळी परसात विटांची चूल मांडली. एवढी आमटी शिजवायला भांडं कुठून आणणार? म्हातारीचं कपडे उकळायचं मोठं तांब्याचं भांडं त्यानं मागून घेतलं आणि राखेनं घासघासून लखलखीत केलं. बाकी भात आणि दळलेल्या गव्हाची खीर. गूळ मिळेना, म्हणून लाल साखर घातली. वर्गातले चौघं, विणकाम शिकवणारे एक करडे मास्तर, म्हातारी आणि तिची बहीण असे सात पाहुणे आले. घोंगड्या अंथरून त्यांना ओळीनं बसवलं. म्हातारीला गुडघ्यांमुळं पाट म्हणून एक खोकं दिलं. तिखटानं सगळ्यांची नाकं लाल झाली, मास्तरांना ठसका लागला, पण सगळे मागून मागून खात होते. मास्तरांना त्या दिवशी प्रथमच हसताना पाहिलं.

बेंबळीकर वाढत होता, पण आग्रह करत नव्हता. कुणी 'पुरे' म्हटलं की डाव घेऊन मुकाट्यानं पुढं सरकत होता. माझ्या जिभेला हाड नाही. सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीत मोठ्यानं म्हणालो, "का रे, येसर जपून वापर म्हणून आईची तार आली की काय?" सगळे हसले. तोही हसल्यासारखं करून चुलीकडं गेला. ते वाक्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुपार कलल्यावर पाहुणे उठले. पुन्हा कधी बोलावणार, असं म्हातारीच्या बहिणीनं विचारलं. बेंबळीकर दारात हात जोडून उभा होता. एकेक जण बाहेर पडत होता आणि तो कुणालाच 'या' म्हणत नव्हता. कोळसेवाल्याला सोडत नव्हता तो माणूस! आमच्याकडं ज्या घरात कुणी वारलं असेल तिथून निघताना पाहुणा 'येतो' म्हणत नाही आणि घरचे 'या' म्हणत नाहीत. असल्या जेवणात आग्रहही करत नाहीत. मला एकदम त्याची टोपी दिसली, मिशी नसलेला ओठ दिसला. मी धाराशिवचा. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

"कोण रे?" मी विचारलं.

"माय," तो म्हणाला.

पत्र आलं तेव्हाच ती जाऊन बरेच दिवस झाले होते. बोटीचा प्रवास तीन आठवड्यांचा, पोचून हाती काय लागणार होतं? म्हणून त्यानं पत्र आल्या दिवसापासून मोजून तेरावा धरला. शास्त्रात ते बसतं की नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

"मला तरी सांगायचंस," मी म्हणालो.

"तू रडला असतास, त्यांनी माना खाली घातल्या असत्या. मंग जेवलं कोन असतं? तिला भरल्या पंगतीची लई हौस." भांड्यात डोकावून तो म्हणाला, "समदं संपलं बघ. बरं झालं." तो स्वतः उपाशी होता. मी पाव आणून दिला, तो त्यानं पाण्याबरोबर खाल्ला. माझ्या त्या चेष्टेबद्दल तो तेव्हाही बोलला नाही आणि पुढं कधीच बोलला नाही.

दीड वर्षानं आम्ही परतलो. त्याला एकट्याला घरी जाववेना, म्हणून धाराशिवहून एस.टी.नं मी बरोबर गेलो. बेंबळीच्या घरी ओसरीवर भाऊबंद जमले होते. त्याचे चुलते, तात्या, पाण्याचा तांब्याही पुढं करायच्या आत बोलले, "एकुलता एक तू. अग्नी चुलतभावानं दिला, तेरावं आमी घातलं. तुज्या हातनं तिच्या नावानं चार मानसं जेवली न्हाईत. तू तकडं सायबांच्या पंगतीला."

बेंबळीकर खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, तात्या."

मला राहवलं नाही. "तात्या, जेवू घातलं त्यानं. मी होतो त्या पंगतीला."

"कोन मानसं?"

"तिथलीच. सात जण. विटांची चूल मांडली, येसराची आमटी केली. सगळं यानं एकट्यानं रांधलं."

"पोटभर जेवली?"

"भांडं खरवडून. हा मागं उपाशी राहिला."

तात्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. ते पुतण्याला म्हणाले, "म्या दीड वरीस तुला शिव्या घालत हुतो. आत्ता बी घातल्या. बोलला का न्हाईस?"

"जेवू घातलेलं आपल्या तोंडानं सांगत्यात व्हय, तात्या?" एवढं तो कसाबसा म्हणाला आणि इतक्या दिवसांत प्रथमच, आम्हा सगळ्यांसमोर, खांबाला धरून लहान पोरासारखा रडू लागला. त्याला उगी करायला मी उठत होतो. तात्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"रडू द्या," ते म्हणाले. "माय मेली हाय त्याची."