पिंपळाच्या पानाचं टोक

भाच्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "आत्या, बाबा गेले..." आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघावं, तर "कॅमेरा कुठंय?" वेड्यासारखंच बोलले मी. पण माझा थोरला भाऊ आणि त्याचा तो भला मोठा लाकडी कॅमेरा यांना मी कधी वेगळं बघितलंच नव्हतं. दादाचा जालन्यात फोटोचा स्टुडिओ होता. माणूस पक्का बढाईखोर, हे मी प्रेमानंच लिहितेय. "माझ्या फोटोत तुम्ही आहात त्याहून बरे दिसता, त्याचेच तर पैसे," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा आणि गिऱ्हाईक हसत पैसे द्यायचं.

सत्तरच्या दशकात, ऐन चाळिशीत, त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. आतला पडदाच खराब झालेला. डॉक्टरांनी हात टेकले. चालता-फिरता यायचं, पण बारीक काही दिसेना. त्या कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर उलटं चित्र उमटतं. डोक्यावर काळं कापड घेऊन ते नजरेनं रेखीव करावं लागतं. नेमकं तेच जमेना. चेहरे धूसर यायला लागले, गिऱ्हाईक तुटलं. औरंगाबादचा एक फोटोग्राफर कॅमेरा घ्यायला तयार झाला आणि वहिनीनं होकार कळवून टाकला. तिचं तरी काय चुकलं? दादाचं मात्र जेवणावरून मन उडालं. "कॅमेरा गेल्यावर मी कोण?" एवढंच म्हणायचा.

आणि अशात या बहाद्दरानं हैदराबादच्या ओळखीच्या दुकानदाराकडून इन्फ्रारेड फिल्म मागवली! डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणारी फिल्म. तिच्यात हिरवी पानं पांढरी येतात आणि निळं आकाश काळं. वहिनीनं कपाळावर हात मारला. "दिसत काही न्हाई अन् खर्चा करून राह्यले!"

"एक फोटो काढू दे," दादा म्हणाला. "मागवलेल्या फिल्मा संपायच्या आत बराबर आला तर कॅमेरा घरात राहील. न्हाई आला, तर मीच औरंगाबादला नेऊन देतो."

वहिनी कबूल झाली.

आमच्या गावी, धावड्याला, विहारासमोर पिंपळ आहे, धम्मदीक्षेच्या वर्षी आमच्या वडलांनी लावलेला. फोटो त्याचाच काढायचा होता. "पानाचं टोक दिसलं पायजे," दादा म्हणाला, "न्हाई तर तो फोटो न्हाई." माझी नजर धडधाकट, म्हणून चित्र रेखीव करायचं काम माझ्याकडं. मी जीव ओतून केलं. दादानं लाल फिल्टर लावून फोटो काढला. जालन्याला येऊन धुतला, तर सगळं झाड पिठात बुडाल्यासारखं! मला रडूच फुटलं. आणि हा माणूस चक्क हसायला लागला.

"अगं, तू पाह्यला तो उजेड या फिल्मनं घेतलाच न्हाई. तिचा उजेड तुलाबी दिसत न्हाई अन् मलाबी न्हाई. इथं आपण दोघं बराबर!"

तो न दिसणारा उजेड जरा मागं जाऊन एकवटतो, म्हणून नजरेनं जुळवल्यावर लेन्स किंचित पुढं सरकवायची. किती, ते दादानं बोटांनीच शोधलं. कॅमेऱ्याच्या खालच्या पट्टीवर चाकूनं खूण करायची, सरकवायचं, फोटो काढायचा, धुवायचा... आणि मी सांगायचं, "अजून न्हाई, दादा." अखेर त्याच्या अंगठ्याच्या नखाची जाडी हेच माप ठरलं. लेन्सचं छिद्र बारीक करून चूक झाकता आली असती, पण मग फिल्मला उजेड जास्त वेळ द्यावा लागतो, आणि पिंपळाचं पान काही कुणासाठी स्थिर राहत नाही. शेवटची फिल्म उरली, ती घेऊन आम्ही पुन्हा पिंपळासमोर आलो. ऊन लख्ख होतं. दादा कॅमेऱ्याची कळ हातात धरून, मान वाकडी करून उभा.

"काढ ना, दादा!"

"जल्दी करू नको. पान वाजून राह्यलं."

सळसळ थांबली. त्यानं कळ दाबली.

ही फिल्म मिट्ट काळोखात धुवावी लागते. तिथं तर तो राजाच. फोटो बाहेर आला... काळ्याकुळकुळीत आकाशात चुन्यासारखं पांढरं झाड, आणि पानापानाला शेपटीसारखं निमुळतं टोक! मी ओरडलेच. वहिनीनं फोटो उजेडात नेला, खालीवर केला, आणि म्हणाली, "औरंगाबादला तार करा. कॅमेरा विकायचा न्हाई." दादाला स्वतःला ती टोकं दिसत नव्हती. पण त्या दिवशी तो ज्या ऐटीत बाजारातून चालला, तशी ऐट मी नवरदेवाचीही पाहिलेली नाही. पुढं कितीतरी वर्षं स्टुडिओ चालला. काचेवर वहिनी बघायची, बाकी सगळं दादा.

फोटो बैठकीत लागला, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी तिथं उभं राहावं लागायचं. "टोक दिसतं का?" दादा विचारायचा. "दिसतं" ऐकलं की खूश. आम्ही कंटाळायचो, तो कधीच नाही.

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. तीर्थपुरीचे एक वयस्कर पाहुणे आले, फोटोसमोर थांबले आणि हळूच म्हणाले, "दिसतं." मागून दुसरे आले, तेही पुटपुटले, "दिसतं." मग बैठकीतली माणसं एकेक करून उठायला लागली. वहिनी कोपऱ्यात बसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मान ताठ करून म्हणाली,

"मोठ्यानं सांगा. त्यांना ऐकू जाऊ द्या."