हाय-न्हाई

माझ्या लग्नात कर्ण्यावरून पाहुण्यांचं स्वागत करायला वडिलांनी पुण्याचे मास्तर ठरवले, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माले गावातल्या प्रत्येक लग्नात ते काम माझे धाकटे चुलते करत. वडील म्हणाले, "त्यो नगं. हाय-न्हाई बोलतुया. पुण्याच्या पाव्हण्यांम्होरं शोभा व्हईल!" जसे काही स्वतः पोथीतलं शुद्धच बोलत होते!

ऐन मुहूर्ताला कर्ण्याची बॅटरी उतरली आणि मास्तरांचं शुद्ध बोलणं दुसऱ्या रांगेलाही ऐकू जाईना. वडिलांनी चुलत्यांना खुणावलं. पलीकडच्या डोंगरावरची शेरडं एका हाकेत वळवणारे चुलते जागचे हलले नाहीत.

"दादा, आता हाय-न्हाई चालंल व्हय?"

एवढंच म्हणाले. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं.