अब्बांचं आयरिश जेवण

अब्बा मालवाहू जहाजावर आचारी होते. त्यांचा एक कप्तान आयर्लंडचा. त्याच्याकडून ते एकच पदार्थ शिकून आले: खारवलेलं मांस आणि भाज्या, नुसत्या पाण्यात उकडलेल्या. सुट्टीवर गावी, आगरदांड्याला आले की एकदा तरी तो बेत व्हायचाच. मांस मोठ्याचं, म्हणजे म्हशीचं. हळद नाही, मिरची नाही. आम्ही भावंडं "आजाऱ्याचं जेवण" म्हणून नाकं मुरडायचो आणि पातेलं पुसून खायचो. अम्मी म्हणायची, "कप्तानाच्या बायकोला वाटण वाटायचा कंटाळा असणार."

गेल्या वर्षी अम्मी गेली आणि अब्बांचं खाणं सुटलं. मी त्यांना मुरूडला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंथरुणाला खिळतील. मी फ्रिजवर तक्ता लावला: काय केलं, किती खाल्लं. पेज, दोन चमचे. खिमट, एक चमचा. सोलकढी, नको.

मग कप्तानाचं जेवण करायचं ठरवलं. आठवेल तसं लिहून काढलं. मांस पाच दिवस जाड्या मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये. उकळताना तमालपत्र, मिरी. तीन तास मंद आच, कुकर नाही. मग बटाटे, गाजर, नवलकोल. कोबी सगळ्यात शेवटी.

सहाव्या दिवशी सकाळी पातेलं चढवलं. अकराच्या सुमारास पाणी चाखलं आणि थुंकलं. नुसता खार.

"पहिलं पाणी ओतून टाकलंस?" अब्बांनी बाहेरच्या खुर्चीतून विचारलं.

"मटणाचं पाणी कोण ओतून टाकतं? सगळी ताकद त्यातच असते, अम्मी म्हणायची."

"ताकद कसली! अख्खी खाडी उकळत ठेवलीस पोरी."

मग त्यांनी सांगितलं: मांस रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचं, उकळी आली की ते पाणीही ओतून टाकायचं. हे सगळं ते आम्ही उठायच्या आत उरकायचे, मला कुठून दिसणार? मी गॅस बंद केला. इतक्या दिवसांची मेहनत वाया गेली म्हणून रडू येत होतं.

तेवढ्यात अब्बा भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले. कित्येक दिवसांत न आलेले. "सुरी घे. मांसाचे लहान तुकडे कर, मीठ लवकर सुटेल. नवं पाणी घाल. बटाटे जास्त टाक, ते खार ओढतात. आणि ती कोबी अशी बारीक कुणासाठी चिरलीस, सशासाठी?"

स्टुलावर बसून त्यांनी तीनदा पाणी बदलून घेतलं, प्रत्येक वेळी चाखून. जेवायला चार वाजले. अब्बांनी बटाटा काट्याने मोडला, त्यावर लोणी लावलं, मांसाचा तुकडा कोबीत गुंडाळून खाल्ला. मग दुसरा.

"अजून खारट आहे," ते म्हणाले आणि ताट पुढे केलं. "वाढ."

मी पातेल्याकडे वळले आणि वाढायला जरा जास्तच वेळ लावला.