तोंडात टाचण्या

घाईबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गल्लीने दिलं, आणि बाईंनी ते कमावलं होतं. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणाऱ्या बायका असतात. बाई दूध तापायच्या आत बंद करायच्या. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं अर्धं बाई पुरं करत, आणि ते मूळ वाक्यापेक्षा सरस होई, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. कॉलेजात तर्कशास्त्र घेऊन त्या बी.ए. झाल्या होत्या. त्याचा उपयोग आयुष्यभर एवढाच झाला, की आपलं चुकलं तरी ते बरोबर कसं होतं हे त्यांना पटकन सिद्ध करता येई.

बी.ए. होऊन शिंप्याशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी नाकं मुरडली होती. लग्नही बाईंनी घाईतच उरकलं. पण घाईत केलेलं तेवढं एकच काम त्यांना पुढे उसवावं लागलं नाही.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. मास्तर कापणार, बाई शिवणार. मास्तर मुळातच मितभाषी. दोघांच्या वाटणीचं बोलायला बाई समर्थ असल्यामुळे त्यांचं कुठे अडत नसे. गिऱ्हाइकांची मापं ते लिहून ठेवत नसत, सगळी डोक्यात. कुणाचा उजवा खांदा उतरता, कुणाची मान आखूड, कुणाला पोट सुटलंय पण सुटलंय म्हटलेलं चालत नाही, हे सगळं त्या डोक्यात घड्या घालून ठेवलेलं होतं.

मग एका सकाळी टेबलाशी उभं असताना त्यांच्या हातातला खडू गळला, आणि खडूच्या मागोमाग मास्तर. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, शब्दही आत शाबूत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे. येतील हळूहळू, किंवा सगळे येणारही नाहीत. धीर धरायचा.

हा सल्ला त्यांनी नेमका घाईबाईंना द्यावा, यात देवाची थट्टेखोर वृत्ती दिसते, असं बाईंना तेव्हाच वाटलं होतं.

बाईंचा देवावर विश्वास होता, अगदी मनापासून. फक्त त्याच्या कामाच्या पद्धतीवर नव्हता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या हात जोडून उभ्या राहत आणि प्रार्थना म्हणून जे बोलत ते कारागिराला झापावं तसं असे. यांची वाचा परत दे, एवढंच मागणं. पुढे सूचना: आधी साधे शब्द आण, मग वाक्यं, आणि पहिला शब्द माझ्याबद्दल काहीतरी बरा असला तर हरकत नाही. थोडे दिवस गेले की सूर चढे. एवढं कळतंय त्यांना म्हणतात डॉक्टर, मग अडलंय कुठे? पी हळद आणि हो गोरी असं नाही, हे मलाही समजतं, पण हळद पिऊन आता कितीतरी महिने झाले.

गंमत अशी, की हे बोलून हात सोडले की बाई दुकानाचं दार उघडत आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगत, "झालंच आहे, उद्या या." उभ्या जन्मात त्यांनी कुणाला वेळेवर कपडा दिला नव्हता. शिवण पक्की हवी तर वेळ लागणारच, हे त्या लोकांना छातीठोकपणे ऐकवत. तोच न्याय देवाला लावायचा म्हटलं की तर्कशास्त्र कुठे दडी मारून बसे कोण जाणे. एकदा हे त्यांच्या लक्षात आलं आणि हसूही आलं. पण हसून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा झापायला उभ्या राहिल्या.

दिवस वाईट होते. कापायचं काम आता बाईंवर आलं आणि त्यांनी ते त्यांच्या वेगाने केलं. एका शर्टाच्या कॉलरमध्ये दोन माना मावल्या असत्या. जुन्या गिऱ्हाइकांची मापं नव्याने घ्यावी लागली. त्यात कित्येकांना आपण किती फुगलोय हे पहिल्यांदाच कळलं, आणि ते रागावून दुसऱ्या शिंप्याकडे गेले. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसून सगळं बघत. बाईंची कात्री वाकडी चालली की त्यांचे डोळे मिटत. ते काही बोलत नाहीत याचं दुःख, आणि बोलले असते तर काय बोलले असते हे माहीत असल्याचं वेगळं दुःख. देव दोन्हीकडून कान पिळतो.

नणंदबाई अधूनमधून येत. त्या शांत, सोशिक, देवभक्त. आजारी माणसापाशी तासन् तास नुसत्या बसू शकत. बाईंना हे कसब कधी साधलं नाही. त्या मास्तरांना औषध देत, पुसत, भरवत, खुर्ची उन्हात नेत, उन्हातून काढत, पण टेकायच्या नाहीत. नणंदबाई म्हणाल्या, वहिनी, देव ऐकतो हो, त्याच्यावर सोपवून बघा जरा. बाई म्हणाल्या, सोपवलंय की, फक्त लक्ष ठेवून आहे.

वाचा सुधारायला एक तरुण मुलगी घरी येई. चित्रं दाखवी आणि काय आहे ते मास्तरांना विचारी. तिने कपाचं चित्र धरलं. मास्तरांनी तोंड उघडलं, ओठ जुळवले, कपाळावर घाम आला.

"कप," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मुलीने किल्ली दाखवली. मास्तरांचा श्वास आत गेला, आणि बाहेर यायच्या आत बाईंनी किल्ली सांगून टाकली. छत्री, झाड, घड्याळ, सगळ्यात बाई पहिल्या आल्या. शेवटी मुलीने चित्रं मांडीवर ठेवली.

"काकू, परीक्षा काकांची आहे."

"अहो, पण त्यांना किती त्रास होतोय बघवत नाही."

"त्यांना त्रास होतोय, की तुम्हाला?"

हा प्रश्न बाईंना तर्कशास्त्राच्या पुस्तकात भेटला नव्हता. मुलगी पुढे म्हणाली, तुम्ही दिवसभर हेच करत असणार. ते जोर लावतात, शब्द दारापर्यंत येतो, आणि तुम्ही तो बाहेरूनच हातात ठेवता. मग आतला परत फिरतो. त्याने यायचं कशाला? तुम्ही नुसतं थांबा. कितीही वेळ लागला तरी.

बाई त्या दिवशी फार वरमल्या. इतके महिने ज्या शब्दासाठी देवाच्या मागे लागलो, तो रोज दारात येऊन परत जात होता, आणि दार अडवून उभी कोण, तर मागणारीच. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. जीभ चावून पाहिली. जीभ दुखली, शब्द सुटलाच. मास्तर बोलायला लागले की खोलीबाहेर जाऊन पाहिलं, बाहेरून ओरडल्या. सत्तरी जवळ आलेल्या बाईला गप्प बसायला शिकायचं होतं, आणि या विषयात नापास होणं किती सोपं असतं ते तिला रोज कळत होतं.

जे त्यांना जमलं नाही ते घडलं एका वकिलाच्या कोटापायी.

वकीलसाहेब जुने गिऱ्हाईक, स्वभावाने इतके चिकट की बाईंच्या शिवणकामालाही त्यांना पळवून लावता आलं नव्हतं. त्यांच्या काळ्या कोटाचं फिटिंग होतं. बाह्या अजून शिवायच्या होत्या, नुसत्या टाचून बघायच्या होत्या. वकीलसाहेब हात पसरून बुजगावण्यासारखे उभे, बाई त्यांच्या मागे, दोन्ही हातांत बाही आणि ती जिथे जोडायची तो मुंढा, आणि ओठांत टाचण्यांची रांग. शिवणाऱ्या बाईचे हात गुंतले की तिच्या टाचण्या तोंडातच असतात. ही तिची जुनी सवय. जगात एवढ्याच वेळी घाईबाई बोलत नसत.

खुर्चीतून आवाज आला, "बा..."

बाईंची मान वळली. मास्तर पुढे झुकले होते. डोळे कोटावर.

"बा... बा..."

बाम? बाहेर? बादली? बाईंच्या डोक्यात शब्दांची रांग लागली आणि एकही बाहेर येईना. तोंड उघडावं तर टाचण्या घशात, थुंकाव्यात तर वकिलाच्या मानेत. हात सोडावेत तर टाचलेली बाही निसटणार. त्या नुसत्या बघत राहिल्या. मास्तरांच्या कपाळावर तोच घाम, मानेची शीर ताठ झालेली. शब्द वर यायचा, घसरायचा, पुन्हा यायचा. वकीलसाहेबांनाही काहीतरी कळलं असावं, ते हात खाली घ्यायचं विसरले.

"बाही," मास्तर म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "चुकली."

बाईंनी खाली पाहिलं. उजव्या मुंढ्याला डावी बाही टाचली होती. वकीलसाहेबांनी कोपर वाकवून बघितलं, ते जायचं तिकडे जाईना.

बाईंनी देवाकडे पहिला शब्द मागितला होता तो बायकोबद्दल काहीतरी बरा. आला तो बायकोच्या चुकीबद्दल, गिऱ्हाइकासमोर. बाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे धड रडताही येईना. वकीलसाहेब म्हणाले, मास्तर बोलले हो. बाईंनी नाकाने हुंकार दिला. त्याहून जास्त काही करणं शक्य नव्हतं.

त्यानंतर बाईंनी उपाय पक्का केला. मास्तरांपाशी बसायचं तर ओठांत टाचण्या घेऊन, शिवायचं काही असो वा नसो. वाचेची मुलगी आली आणि हे बघून दारातच थबकली. पण चित्रं मास्तरांनीच ओळखली, सगळी नाही, काही. शब्द एकेक करून येऊ लागले. कधी दिवसभरात एकच, तोही चुकीचा. कधी आलेला शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवे.

एका सकाळी त्या सवयीने हात जोडून उभ्या राहिल्या, झापायला सुरुवात करणार, तर टाचण्या तोंडातच. काढायचा कंटाळा आला. तशाच उभ्या राहिल्या. सांगायचं सगळं होतं, पण सांगता येत नव्हतं. आणि थोड्या वेळाने बाईंना वाटलं, सांगायची गरजही नाही. त्याला माहीत आहे. इतके दिवस आपण त्याचंही वाक्य मधेच तोडत होतो. देईल तेव्हा देईल, आणि देईल ते त्याच्या मापाचं असेल. ही शांती बाईंना नवीन होती. त्यांनी तिच्यावर फारसा भरवसा ठेवला नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच उभ्या राहिल्या.

मग एका संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मास्तरांनी डाव्या हाताने खूण करून त्यांना बोलावलं. बाई समोर टेकल्या. त्या दिवशी तोंडात काही नव्हतं. मास्तर देवाच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाले, "मी... पण..."

बाई थांबल्या.

"मी पण... मागत... होतो."

बाईंना विचारायचं होतं, काय? वाचाच ना? नाही विचारलं.

"मागत होतो... तू..." श्वास. "गप्प..."

बाईंचे कान तापले. म्हणजे या घरातून देवाकडे दोन अर्ज गेले होते, आणि त्याने नवऱ्याचा आधी मंजूर केला. तोंडाशी उत्तर आलं, चांगलं धारदार, चारचौघांत शोभेलसं. ते त्यांनी गिळलं, कारण मास्तरांचे ओठ अजून हलत होते. वाक्य संपलं नव्हतं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, समोरच्या घरात दिवा लागला, मास्तर अजून जुळवत होते, आणि बाई थांबून होत्या.

"...बसावंस," मास्तर म्हणाले. मग कितीतरी वेळाने, "माझ्याजवळ."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या.